खातंय, पण अंगी लागंना

दवाखान्यात खंगलेलं कुत्रं आलं की शेतातल्या आखाड्यावरून आलेला माणूस हमखास सांगतो, “भाकरी चांगली खातंय डॉक्टर, पण अंगीच लागंना.” ही थाप असेल असं धरून चालू नये. जुना गोचीडताप, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह यांत पोटाला मिळूनही कुत्रं वाळतं. बरगड्या दिसल्या म्हणून लगेच उपासमारीचा ठपका ठेवणं अन्यायाचं आहे. ‘आजारीच आहे ते’ म्हणून विषय सोडून देणं मला त्याहून वाईट वाटतं.

शरीराची स्थिती बघायला डोळे पुरत नाहीत, केसांखाली हात घालावा लागतो. पशुवैद्यक १ ते ९ गुण देतात. १ म्हणजे नुसता सापळा, ४-५ योग्य, ९ म्हणजे फार लठ्ठ. घरी ओळखायची रीत सोपी आहे. आपली मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. बरगड्या तशा टोचल्या तर कुत्रं खंगलंय. आपल्या हाताचा पंजा सपाट ठेवून पंजाच्या पाठीवर जसं लागतं तशा लागल्या तर ठीक. लातूर-उदगीरकडचं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं मात्र जातीचंच सडपातळ. त्याच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तरी ते धडधाकट असतं.

मग कानशिलं, खांद्याची पाती आणि कणा चाचपायचा. निव्वळ उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं, मांस होईल तितकं राखतं. काही आजारांत चरबी शिल्लक असतानाच मांस झडायला लागतं. उपासमार लांबली की हा फरक पुसला जातो, तेव्हा रक्त तपासावंच लागतं. तपासणीत आजार सापडला नाही आणि नुसत्या मोजक्या आहारावर वजन वाढत गेलं, तर घरी पोटाला मिळत नव्हतं हे उघड होतं. दया येऊन पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. रक्तातलं फॉस्फरस एकदम घसरून जीव जाऊ शकतो.

आजार जडला हा मालकाचा दोष नाही. आजारी जनावर आठवडेच्या आठवडे तसंच बांधून ठेवणं ही हेळसांड आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे.

असंच एक गोचीडतापाचं कुत्रं आलं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक, अंगावर मांस नाही, हे सगळं तापानं होऊ शकतं. मानेवरचे केस बाजूला सारले तर कातडीत बोटभर रुतलेली सुताची दोरी निघाली. ती पिल्लू असताना बांधलेली होती.