दुर्बिणीचा पासंग

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी पाचच्या सुमारास पोलराइज्ड गॉगल घालून उभं राहा, मासुंदा तलावावरची ती डोळ्यांत घुसणारी चकाकी एकदम बसते, आणि मग गॉगल काढून डोळ्यासमोर धरून हळूहळू 90 अंशात फिरवला की चकाकी परत हजर. पाणी तेच, गॉगल तोच, नुसता फिरवला. पाण्यावरून तिरका उडून आलेला उजेड बराचसा आडवा कंप पावत असतो आणि गॉगल फक्त उभा कंप आत सोडतो, म्हणून असं होतं. प्रकाशाचा कंप असा एका दिशेला जास्त झुकला की त्याला ध्रुवीकरण म्हणतात, बोलताना सगळे पोलरायझेशनच म्हणतात.

ताऱ्यांचा उजेडही असा थोडासा झुकलेला येतो. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी 1946 च्या सुमारास गणित मांडलं होतं की खूप तापलेल्या ताऱ्याच्या कडेवरून येणारा प्रकाश पोलराइज्ड असायला हवा, ते शोधायला हिल्टनर आणि हॉल हे खगोलशास्त्रज्ञ निघाले, आणि 1949 मध्ये त्यांना सापडलं भलतंच! तारे आणि आपण यांच्यामध्ये जी धूळ आहे तिचे लांबुडके कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एका रांगेत लागलेले असतात आणि तीच धूळ हा झुकाव तयार करते. म्हणजे ताऱ्याच्या उजेडावरून मधल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कळते, मला तर हे अजूनही फार भारी वाटतं.

पण हा झुकाव असतो बहुतेक वेळा टक्का-दोन टक्के, कधी त्याहून कमी. आणि दुर्बिणीत आरसे असतात, आरसा म्हणजे एका अर्थी तलावच की, उजेड तिरका पडला की तोही स्वतःचं पोलरायझेशन मिसळणार. आरशाच्या मधोमध सरळ खाली प्रकाश आणणाऱ्या दुर्बिणीत चारी बाजूंचा परिणाम एकमेकांत बराचसा मिटतो, पण प्रकाश बाजूला वळवायला 45 अंशात आरसा लावला असेल तर तो एकटाच काही टक्के भर घालतो, म्हणजे ताऱ्यापेक्षा आरशाचाच आवाज मोठा. मग मोजलेलं कोणाचं समजायचं?

इथे मला माझे आजोबा आठवतात. जांभळी नाक्याजवळ त्यांचं धान्याचं दुकान होतं, पितळी पारड्यांचा तराजू, रोज सकाळी दुकान उघडलं की आधी रिकामी पारडी उचलून दांडी बघायची, एक बाजू खाली जात असेल तर दुसऱ्या पारड्याला छोटा खडा बांधायचा, तो पासंग. आणि दांडीवरच शंका असेल तर माल आणि वजनं यांची अदलाबदल करायची. समजा दांडीची एक बाजू लांब आहे आणि तीच वस्तू एका पारड्यात 800 ग्रॅम भरली, दुसऱ्यात 1250, तर दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या, बरोबर 1000 ग्रॅम. खोटा तराजू, खरं वजन!

पोलरायझेशन मोजणारं यंत्र अगदी हेच करतं. त्यात वोलॅस्टन प्रिझम असतो, तो ताऱ्याच्या उजेडाचे दोन किरण करतो, एकात उभा कंप, दुसऱ्यात आडवा, ही झाली दोन पारडी. पण डिटेक्टर दोन्ही जागी सारखाच संवेदनशील असेल याची खात्री नाही, म्हणून प्रिझमच्या आधी एक हाफ वेव्ह प्लेट ठेवतात, ती 45 अंशात फिरवली की कंपाची दिशा 90 अंशात फिरते आणि दोन्ही किरणांचा माल बदलतो. मग दोन किरणांची गुणोत्तरं घेऊन तेच वर्गमूळ, आणि डिटेक्टरचा दोष हिशोबातून गळून जातो. 22.5 आणि 67.5 अंशांवर परत हेच करतात, कारण तिरका कंपही मोजायचा असतो.

मात्र मुख्य आरशाची भेसळ प्लेटच्या आधीच झालेली असते, ती अदलाबदलीने जात नाही. त्याला रिकामी पारडीच बघावी लागतात, म्हणजे ज्या ताऱ्याच्या उजेडात पोलरायझेशन जवळजवळ नाहीच हे माहीत आहे अशा ताऱ्याकडे दुर्बीण वळवायची, तिथे जे काही दिसेल ते दुर्बिणीचं, ते वजा करायचं. आणि शून्य अंश नेमका कुठे हे ठरवायला उलट प्रकारचा तारा, ज्याचं पोलरायझेशन किती आणि कुठल्या दिशेला ते आधीच नीट मोजलेलं आहे. या कामात घाई चालत नाही, 10 लाख फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जमवले तरी मोजणीतला नैसर्गिक हेलकावा 1000 चा, म्हणजे 0.1 टक्का उरतोच. शिवाय पोलरायझेशनची मात्रा वर्ग करून काढतात त्यामुळे ती कधी उणे येत नाही, मग नुसता मोजणीतला हेलकावाही थोडं पोलरायझेशन असल्यासारखा दिसतो, नवखा माणूस इथे हमखास फसतो.

पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत वॅलॉप नावाची पोलरायझेशन मोजणारी यंत्रं तयार होतात, एक दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडच्या वेधशाळेसाठी आणि एक ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या स्किनाकाससाठी. त्यांना एका फोटोत पूर्ण चंद्र मावेल एवढं आकाश घ्यायचंय, आणि अडचण ही की फोटोच्या मध्यावर पासंग वेगळा, कोपऱ्यात वेगळा. एकेका ताऱ्याला कोपऱ्याकोपऱ्यात नेऊन मोजत बसलं तर रात्र संपेल. त्यावर या टीमने जो उपाय करून पाहिला तो मला मनापासून आवडतो, चांदण्या रात्रीचं आकाशच मापाला घ्यायचं. चंद्रापासून साधारण 90 अंशांवरचं आकाश भरपूर पोलराइज्ड असतं, आणि एवढ्याशा तुकड्यात ते सगळीकडे जवळपास सारखंच, म्हणजे सगळ्या फोटोची तपासणी एकदम. ज्या उजळ रात्री खगोलवाले एरवी टाळतात त्याच इथे कामाच्या!

चंद्राऐवजी सूर्य घेतला तर हे ठाण्यातूनही दिसतं. ऑक्टोबरात पावसाने हवा धुतलेली असताना, सूर्य मावळायच्या बेतात असताना पश्चिमेला, येऊरच्या बाजूला तोंड करून गच्चीवर उभं राहायचं, तोच गॉगल बरोबर डोक्यावरच्या आकाशाकडे धरून फिरवायचा. एका कोनात निळा रंग गडद होतो, अजून 90 अंश फिरवला की परत फिका. माझ्या भाचीने मागच्या वर्षी हे केलं आणि दहा मिनिटं मान खाली केली नाही, मग विचारते, आत्या, गॉगल खोटं बोलत नाही कशावरून? मी तिला गॉगल उलटा धरून परत बघायला सांगितलं.