चाकांवरच्या घरात ओल येते कुठून?

अमेरिकेत किंवा कॅनडात मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) अथवा गाडीमागे ओढून न्यायचा राहण्याजोगा ट्रेलर बाळगणाऱ्याला छताच्या कोपऱ्यातला तपकिरी डाग धडकी भरवतो, कारण पाणी जिथे दिसते तिथूनच ते शिरलेले असते असे नाही. एखाद्या स्क्रूच्या भोकातून झिरपलेले पाणी लाकडी पट्टीच्या कडेने सरकत जाऊन भलतीकडेच टपकते.

अनेक ट्रेलरांत लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनिअमचा पत्रा ठोकलेला असतो. तापमान ४० अंश सेल्सिअसने चढले, की ८ मीटर लांबीचा पत्रा ७ मिलिमीटरहून अधिक वाढू पाहतो. लाकूड मात्र तंतूंच्या दिशेने जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. ही ओढाताण आणि रस्त्याचे हादरे सांध्यांतल्या सीलंटला, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणाला, सोसावे लागतात. म्हणूनच छतावरची हवेसाठीची झडप, शिडीचे पाय, खिडकीची चौकट यांच्याखाली वर्षानुवर्षे मऊ राहणारी ब्यूटिल रबराची पट्टी घालतात. घाईघाईने सिलिकॉन फासणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर पुढे दुसरे काहीच धड चिकटत नाही आणि दुरुस्तीआधी ते खरवडत बसावे लागते.

कडेच्या पट्टीचा एक स्क्रू काढून पाहावा. त्याच्या आट्यांना गंज चढला असेल, तर पाणी लाकडापर्यंत पोचले आहे असे समजावे. भोक नेमके सापडत नसेल, तर आत पंख्याने किंचित जादा दाब निर्माण करून बाहेरून साबणाचे पाणी शिंपडतात. फट असेल तिथे बुडबुडे फुगतात.

मात्र प्रत्येक ओल पावसाची नसते. २० अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या हवेतील वाफ सुमारे ९ अंशांच्या पृष्ठभागावर दवासारखी साचते, आणि हिवाळ्यात खिडकीची काच त्याहून कितीतरी थंड असते. श्वासातून बाष्प येतेच. शिवाय शेगडीत १ किलो प्रोपेन जळाला, की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. अशा वेळी सीलंटच्या नळ्या रिकाम्या करून काही साधत नाही. बाहेर धुके असले तरी झडप थोडी उघडी ठेवावी, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. पण शून्य अंशांची पूर्ण ओली हवासुद्धा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि ती गादीखालची ओल शोषून घेऊ लागते.