ऑनलाइन पोकरमधील आकडेपट्टी

ऑनलाइन पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या आधीच्या डावांची नोंद ठेवून त्यांच्या सवयी टक्केवारीत मांडणारे आणि खेळ चालू असतानाच ती टक्केवारी त्यांच्या नावाशेजारी दाखवणारे सॉफ्टवेअर. खेळाडू त्याला ‘एचयूडी’ किंवा नुसते ‘हड’ म्हणतात. लढाऊ विमानात वैमानिकाच्या समोरच्या काचेवर वेग आणि उंचीचे आकडे उमटतात, त्या यंत्रणेचे हे नाव. या नोंदीत या सॉफ्टवेअरला आकडेपट्टी म्हटले आहे.

मराठवाड्याला पत्ते नवे नाहीत. श्रावणात आणि पोळ्याच्या सुमारास पारावर रमीचे डाव रंगतात. तिर्रट आणि झन्ना मन्ना ही नावे तर पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांमुळे आठही जिल्ह्यांतल्या वाचकांना पाठ आहेत. पोकर मात्र पारावरून आला नाही. तो लॅपटॉप आणि मोबाइलवरून आला. पारावर समोरच्याचा चेहरा दिसतो, पान उचलताना थांबलेला हात दिसतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणारा दलालसुद्धा डोळे समोरच्याच्या तोंडावर ठेवून असतो. ऑनलाइन टेबलावर यातले काहीच नसते. तिथे एक टोपणनाव असते, लावलेली रक्कम असते आणि चाल करायला लागलेला वेळ असतो. पण पारावर कधीच होत नाही अशी एक गोष्ट तिथे होते: प्रत्येक डाव जसाच्या तसा लिहिला जातो.

नोंद कशी तयार होते

डाव संपला की अनेक पोकर संकेतस्थळे त्याचा मजकूर खेळाडूच्या संगणकावर साठवतात. कोण कुठे बसला होता, कोणी किती लावले, कोणी पाने टाकली, शेवटी कोणाची पाने उघडी झाली, हे सगळे त्यात असते. याला ‘हँड हिस्टरी’ म्हणतात. २००१ पासून चालत आलेला पोकरट्रॅकर आणि त्यानंतरचा होल्डम मॅनेजर हे या क्षेत्रातले दोन जुने, नावाजलेले प्रोग्रॅम. ते हा मजकूर वाचून पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये भरतात. मोंढ्यातल्या आडत दुकानाची खतावणी डोळ्यांसमोर आणली की हे काम लगेच कळते. रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी. रोजमेळात दिवसाचे व्यवहार ओळीने येतात. खतावणीत प्रत्येक माणसाचे पान असते आणि त्या पानावरून त्याचा व्यवहार कळतो. हँड हिस्टरी हा रोजमेळ, आकडेपट्टी ही खतावणी.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. समोरच्यांची जी पाने डाव संपेपर्यंत उघडी झाली नाहीत, ती या नोंदीत नसतात. सॉफ्टवेअरला समोरच्याची झाकलेली पाने दिसतात, हा समज चुकीचा आहे. त्याला दिसते ते वागणे.

मुख्य आकडे

पहिला आकडा व्हीपीआयपी. शंभरपैकी किती डावांत खेळाडूने फ्लॉपच्या (टेबलावर सगळ्यांसाठी उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन पानांच्या) आधी स्वतःहून पैसे घातले, हे तो सांगतो. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच सक्तीने लावायची रक्कम, त्यात धरत नाहीत. दुसरा पीएफआर: किती डावांत त्याने फ्लॉपच्या आधी रक्कम वाढवली. पीएफआर कधीच व्हीपीआयपीपेक्षा मोठा असू शकत नाही, आणि खरे वाचन या दोहोंमधल्या अंतरात असते. सहा जणांच्या टेबलावर जाणत्या, आक्रमक खेळाडूचा व्हीपीआयपी साधारण २० ते २८ च्या आसपास असतो आणि पीएफआर त्याच्या थोडाच खाली. ४२ आणि ८ अशी जोडी दिसली, तर तो माणूस पुष्कळ डावांत नुसता मागे मागे येतो आणि वाढवतो तेव्हा मात्र त्याच्याकडे काहीतरी असते.

पुढचे आकडे फ्लॉपनंतरचे. एएफ म्हणजे बेट (रक्कम लावणे) आणि रेज (ती वाढवणे) यांची बेरीज भागिले कॉल (समोरच्याने लावली तेवढीच रक्कम भरणे). तो एकाहून कमी असेल, तर खेळाडू लावण्यापेक्षा बघण्यात रमणारा. डब्ल्यूटीएसडी म्हणजे फ्लॉप पाहिल्यानंतर किती वेळा तो पाने उघडी करण्यापर्यंत टिकला. याशिवाय थ्री-बेट (फ्लॉपच्या आधी दुसऱ्याने वाढवलेली रक्कम पुन्हा वाढवणे), फ्लॉपवरची सलग बेट (आधी वाढवणाऱ्यानेच फ्लॉपवरही लावलेली), तिच्यापुढे पाने टाकण्याचे प्रमाण असे शेकडो आकडे मागवता येतात. नवशिका ते सगळे एकदम पडद्यावर मांडतो आणि त्या गर्दीत महत्त्वाचा आकडा हरवतो. चार-पाच पुरेत.

आकड्यापासून पानांपर्यंत

टक्केवारीला अर्थ येतो तो पानांच्या मोजणीमुळे. टेक्सस होल्डममध्ये प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. एकाच अंकाच्या दोन पानांची जोडी ६ प्रकारे येते. एक्का-राजा एकाच रंगाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे) ४ प्रकारे, वेगवेगळ्या रंगांचे १२ प्रकारे. कुठलीही अंकजोडी सरासरी १७ डावांत एकदा हाती येते, एक्क्यांची २२१ डावांत एकदा. पीएफआर ८ म्हणजे १,३२६ पैकी साधारण १०६ जोड्या. त्या कोणत्या असतील, याचा अंदाज बांधायचा असतो.

वरच्या ४२ आणि ८ वाल्याचेच उदाहरण घेऊ. त्याच्या नोंदीत ३१८ डाव आहेत. त्याने रक्कम वाढवली आणि तुमच्याकडे इस्पिक राणी आणि बदाम राणी आहे. समजा तो सत्त्यांपासून एक्क्यांपर्यंतच्या सगळ्या अंकजोड्या, एक्क्याबरोबर राजा, राणी किंवा गुलाम, आणि एकाच रंगाचे एक्का-दश्शी, राजा-राणी व राजा-गुलाम यांवर वाढवतो. हे १०८ प्रकार झाले, म्हणजे जवळपास ८ टक्के. फ्लॉपवर आले इस्पिक राजा, बदाम नव्वी, चौकट चव्वी. राजा पाहून बहुतेकांच्या छातीत धस्स होते. आता मोजा. तुमच्या हातातली आणि टेबलावरची पाने वजा केली की त्याच्याकडे ८२ प्रकार उरतात. त्यांतले तुमच्या पुढे असलेले: एक्क्यांची जोडी ६, राजांची ३, नव्व्यांची ३, एक्का-राजा १२, राजा-राणी २, राजा-गुलाम ३. एकूण २९. म्हणजे धस्स झाले तरी त्या क्षणी शंभरात सुमारे ३५ वेळाच तुम्ही मागे आहात.

पण गणित इथे थांबत नाही. त्याचा एएफ ०.८ असेल आणि त्याने फ्लॉपवर, टर्नवर (चौथ्या उघड्या पानावर), रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पानावर) तिन्ही वेळा मोठी रक्कम लावली, तर ते ८२ प्रकार भराभर गळतात. सत्त्या-अठ्ठ्यांच्या जोडीवर असा माणूस तीनदा लावत नाही. उरतात ते बहुतांशी त्या २९ मधले. तेव्हा राण्या टाकून देणे शहाणपणाचे. हेच तीन फटके एएफ ३ असलेल्या खेळाडूकडून आले, तर निर्णय वेगळा पडू शकतो. आकडेपट्टीचा सगळा उपयोग या एवढ्या फरकात आहे.

किती डावांवर विश्वास ठेवायचा

या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब ही. आकड्याशेजारी कंसात लिहिलेली डावांची संख्या आधी वाचावी, टक्केवारी नंतर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मृगाची एक सर पडली म्हणून ज्याने चाड्यावर मूठ धरली, त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग दर खरिपात सांगतो. वीस डावांवरून माणूस ओळखणे म्हणजे पहिल्या सरीवरची पेरणी.

संख्याशास्त्राच्या भाषेत, ज्याचा खरा व्हीपीआयपी २५ आहे, त्याचा आकडा २० डावांनंतर ६ ते ४४ यांमध्ये कुठेही दिसू शकतो. १०० डावांनंतर ही पट्टी साधारण १७ ते ३३ इतकी आवळते आणि १,००० डावांनंतर २२ ते २८. व्हीपीआयपीचा हिशेब जवळजवळ प्रत्येक डावात होतो, म्हणून तो लवकर स्थिरावतो. थ्री-बेटची किंवा रिव्हरवर पाने टाकण्याची संधी क्वचित येते, त्यामुळे २०० डाव साठले तरी त्या रकान्यामागे वीस-पंचवीसच प्रसंग असू शकतात. बावीस संधींत तीन थ्री-बेट झाले की पडद्यावर १४ टक्के झळकतात. त्या १४ वर पैसे लावणाऱ्याने मागचे तीन प्रसंग डोळ्यांपुढे आणावेत.

यावरचा उपाय बेझ या गणितज्ञाच्या पद्धतीत सापडतो. अनोळखी खेळाडूकडे आधी सर्वसाधारण खेळाडू म्हणून पाहायचे आणि जसजसे डाव साठतील तसतसे मत बदलायचे. समजा टेबलावरची सरासरी ३० आहे आणि तिला तुम्ही ५० डावांइतके वजन देता. नव्या माणसाने २० पैकी १४ डावांत पैसे घातले. पट्टी ७० दाखवेल. पण १५ आणि १४ मिळून २९ भागिले ७० केले, तर अंदाज ४१ येतो. पुष्कळ डाव खेळणारा माणूस आहे, एवढे नक्की. पण लगेच वेडापिसा ठरवण्याजोगा नाही.

शिवाय आकडे एकत्र केलेले असतात. शेवटच्या जागेवरून खेळलेले डाव आणि पहिल्या जागेवरून खेळलेले डाव एकाच टक्केवारीत मिसळतात, नऊ जणांचे टेबल आणि सहा जणांचे टेबलही. संध्याकाळी शांतपणे खेळणारा माणूस रात्री दोन वाजता, सलग हरल्यावर, तोच राहत नाही. त्याची जुनी टक्केवारी मात्र तशीच दिसत राहते.

स्वतःची ओळ

या सॉफ्टवेअरमधला सर्वांत खरा भाग म्हणजे वापरणाऱ्याचे स्वतःचे पान. तिथे नमुना लहान असल्याची सबब चालत नाही. हजारो डाव असतात आणि नफ्या-तोट्याची रेघ असते. संकेतस्थळाने प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) कापलेला रेक, म्हणजे स्वतःचा हिस्सा, वेगळा दाखवला की, टेबलावरच्या लोकांशी बरोबरीत सुटणारा माणूसही तोट्यात का गेला, हे उघड होते. जिंकलेले डाव माणसाला आठवतात, हरलेले तो विसरतो. खतावणी विसरत नाही. प्रतिस्पर्धी वाचण्यासाठी हे साधन घेणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी हे पान प्रामाणिकपणे उघडावे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

नियम आणि गैरवापर

आकडेपट्टीला सगळीकडे मुभा नाही. पार्टीपोकरने २०१९ मध्ये ती बंद केली. जीजीपोकर बाहेरच्या आकडेपट्टीला परवानगी देत नाही, स्वतःचीच मर्यादित पट्टी देते. पोकरस्टार्सवर ती काही अटींसह चालते. पण स्वतः न खेळलेल्या डावांच्या नोंदी विकत घेऊन भरायला तिथेही मनाई आहे. कारण सरळ आहे. नवा खेळाडू टेबलावर बसण्याआधीच त्याची हजार डावांची कुंडली दुसऱ्याच्या हाती असेल, तर तो टिकत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावरचा एक खाते-वापरकर्ता इतरांची झाकलेली पाने पाहतो आहे, हे खेळाडूंनीच डावांच्या नोंदी तपासून उघड केले. इतके डाव खेळूनही इतके अचूक निर्णय आणि इतका नफा नशिबाने शक्य नव्हता. अल्टिमेटबेटवरचा असाच प्रकार पुढच्या वर्षी बाहेर आला. नोंदी नसत्या, तर दोन्हीकडे तक्रारीपलीकडे काही झाले नसते.

आकडेपट्टीच्या अगदी विरुद्ध असा एक मार्गही आहे. २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. त्याचा मूळ डावपेच समोरच्याच्या सवयींवर बेतलेला नव्हता. कोणालाही फायदा घेता येणार नाही असा समतोल खेळ शोधणे, हा त्याचा पाया होता. आकडेपट्टी चुका हेरते, समतोल खेळ चुका टाळतो. आजचे गंभीर खेळाडू आधी दुसरे शिकतात आणि मग पहिल्याकडे वळतात.

कायदा

पत्त्यांच्या खेळात कौशल्य किती आणि नशीब किती, हा भारतातला वाद मराठवाड्याच्या जुन्या कायद्याशी जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा म्हणून ओळखला जाणारा ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण’ हा निकाल सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीबद्दल होता. खटला उभा होता १३०५ फसलीच्या हैदराबाद जुगार कायद्यावर, म्हणजे १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात मराठवाडा होता, त्याच राज्याच्या कायद्यावर. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, पाने धरताना आणि टाकताना कसब लागते, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे न्यायालयाने म्हटले. तीन पानी खेळ मात्र निव्वळ नशिबाचा धरला. पोकरच्या बाजूने बोलणारे पुढे अनेक वर्षे याच निकालाचा आधार घेत राहिले.

२०२५ मध्ये हा भेदच संसदेने बाजूला ठेवला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ देऊ करण्यावर बंदी घातली. तसे करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेले नाही. त्याच महिन्यात भारतीय कंपन्यांनी पैशांची पोकर टेबले बंद केली. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

बिनपैशांची टेबले त्यानंतरही आहेत, पण तिथल्या आकडेपट्टीला फारसा अर्थ नाही: गमावण्यासारखे काही नसले की जवळजवळ प्रत्येक जण प्रत्येक डावात उतरतो. अभ्यासासाठी जुन्या नोंदी जास्त उपयोगी. १९९० च्या दशकात इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोल्यांत खोट्या पैशांवर खेळलेल्या डावांचा मोठा संग्रह कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाकडून उपलब्ध झाला. सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवणाऱ्या प्लुरिबस या प्रोग्रॅमचे १०,००० डावही २०१९ च्या शोधनिबंधासोबत खुले झाले. छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एकही रुपया न लावता यांवर प्रकल्प करता येतो. एकेका खेळाडूच्या पहिल्या शंभर डावांवरून त्याच्या पुढच्या हजार डावांचा व्हीपीआयपी किती जवळ सांगता येतो, आणि तोच प्रयत्न थ्री-बेटवर केला की अंदाज किती भरकटतो, हे एका दुपारच्या कामात कागदावर उतरते.