लक्षद्वीपला जायचंय? तिकिटाआधी परमिटचं बघा

लक्षद्वीप आपल्याच देशात आहे, पासपोर्ट नको, व्हिसा नको, म्हणून बरेच जण आधी कोची ते अगत्ती विमानाचं तिकीट काढून मोकळे होतात आणि मग कोणीतरी विचारतं की परमिट काढलं का, आणि तिथून धावपळ सुरू होते. तिथला रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला, भारतीय असला तरी, एन्ट्री परमिट लागतंच. सैन्यदलातले लोक आणि सरकारी ड्युटीवर जाणारे यांना सूट आहे, बाकी आपल्यासारख्यांना नाही. नियम १९६७ चा आहे. ३६ बेटं, त्यातल्या फक्त १० बेटांवर वस्ती आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, एवढ्याशा जागेत पाण्यापासून कचऱ्यापर्यंत सगळंच मोजकं, त्यामुळे येणाऱ्यांवर बंधन असणं मला तरी शंभर टक्के पटतं.

आता परमिट मिळतं कसं. एक म्हणजे लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' नावाची पर्यटन संस्था आहे, तिचं पॅकेज घेतलं (जहाजाचं 'समुद्रम' त्यातलंच) तर परमिटचं काम त्यांच्याकडूनच होतं, पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच सांगेन. दुसरं म्हणजे स्वतः जायचं, त्यासाठी मात्र तिथला यजमान म्हणजे होमस्टेवाला किंवा नोंदणीकृत टूर ऑपरेटर लागतो, तो तुमची जबाबदारी घेतो आणि मग ई-परमिटच्या पोर्टलवर अर्ज होतो. अर्जाची फी माणशी ५० रुपये, शिवाय हेरिटेज फी, १२ ते १८ वयाला १०० आणि १८ च्या वर २००.

कागदपत्रं फार नाहीत. पासपोर्ट साईझ फोटो, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, राहण्याच्या बुकिंगचा कागद, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. वेळ खातं ते हे शेवटचंच! महाराष्ट्रात त्याचा अर्ज ऑनलाईन होतो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, फी भरायची, मग आपल्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला बोलावतात, तिथे ओरिजिनल घेऊन जायचं. सणासुदीत किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात पोलिसांना वेळ नसतो, म्हणून निदान महिना-दीड महिना आधी हे सुरू करा, बाकी सगळं नंतर.

नावाकडे नीट बघा बरं का. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंच्या आधारवर लग्नानंतरचं नाव आणि पॅनवर माहेरचं, त्या एका गोष्टीपायी अर्ज परत आला आणि आठवडा गेला. सगळीकडे एकच स्पेलिंग असलेलं ओळखपत्र वापरा, तिकीटही त्याच नावाने काढा.

आणखी एक, परमिटवर बेटाचं नाव असतं. अगत्तीचं परमिट घेऊन मिनिकॉयला जाता येत नाही, म्हणून कुठली कुठली बेटं बघायची ते अर्ज भरायच्या आधी ठरवा आणि सगळी नावं टाका. कोणी परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत येणार असतील तर त्यांना मोजक्याच बेटांवर परवानगी आहे, अगत्ती, बंगाराम, कदमत अशी, त्यामुळे प्लॅन त्यांच्या हिशोबाने करा.

कोचीला पोचायला आपल्याकडून कोकण रेल्वे सोयीची, कल्याण, पनवेल, रत्नागिरीवरून जाणाऱ्या गाडीचं नावच मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस आहे, ती एर्नाकुलमला सोडते. लक्षद्वीप प्रशासनाचं कार्यालय तिथून जवळच विलिंग्डन आयलंडवर आहे, काही अडलं तर तिथे जाऊन विचारता येतं. पण जहाजाच्या आणि गाडीच्या वेळेत एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.

परमिटच्या तीन-चार झेरॉक्स जवळ ठेवा, मोबाईलवरच्या फोटोच्या भरवशावर राहू नका. बेटावर उतरलात की तिथल्या पोलीस स्टेशनला परमिट दाखवून नोंद करायची, बहुतेक वेळा यजमानच घेऊन जातो, पण तो विसरला तर तुम्ही आठवण करा. आणि दारू बॅगेत ठेवू नका, बंगाराम सोडलं तर तिथे दारूबंदी आहे. प्रवाळाचा तुकडाही उचलून आणायचा नाही, तो गुन्हा आहे, मुलांना हे घरूनच सांगून ठेवा.