‘नियमाविरुद्ध बोललं की टीसी हातात’: हे खरं नाही

केस, बूट, मोबाइल, उशिरा आल्याचा दंड. अशा नियमांवर पोरांनी आवाज उठवला की इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, एकच धास्ती असते: ‘शाळा नाव कापेल.’

आठवीपर्यंत ते करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 16 प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला काढायला मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकण्याची नाही. घोळ इथेच होतो. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्ही रोखतं. अल्पसंख्याक शाळांना मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा कायदा लागू नाही. नववीपासूनही हे कवच संपतं.

पण संपतं म्हणजे मनमानी चालते असं नव्हे. केरळात राष्ट्रगीताला आदराने उभं राहून ते न गाणाऱ्या तीन मुलांना शाळेने काढलं होतं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

निषेध फसतो तो बहुधा कागदावर. अर्ज दोन प्रतींत द्या, नेमका कोणता नियम नको ते लिहा, पालकांची सही घ्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख मागा. शिक्का नसेल तर ‘अर्ज आलाच नाही’ म्हणायला शाळा मोकळी. घाईत पुढे केलेल्या कोऱ्या माफीनाम्यावर सही नको. उत्तर आलं नाही तर जिल्हा शिक्षण अधिकारी, 181 (मध्य प्रदेशची मुख्यमंत्री हेल्पलाइन), किंवा मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई.