पार्श्वभूमी : कार्बापेनेमला न जुमानणारे जिवाणू आणि २०१४ चा अर्धा नियम

अतिदक्षता विभागातून पाठवलेल्या नमुन्यात क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जिवाणू सापडला, की कल्चरच्या (नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषधे तपासण्याच्या) अहवालात प्रतिजैविकांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू त्या औषधाला न जुमानणारा) छापलेला दिसणे हे मोठ्या रुग्णालयांत आता कुणाला नवे राहिलेले नाही. २०१३ पासून देशातील रुग्णालयांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्याने दिलेल्या आकड्यांनुसार, इमिपेनेमला (इतर औषधे चालेनाशी झाली की वापरायच्या कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकाला) दाद देणाऱ्या क्लेब्सिएला न्यूमोनियाचे प्रमाण २०१६ मध्ये ६५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर आले. हे नमुने प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे बरीच औषधे आधीच घेऊन झालेल्या रुग्णांचे असल्याने ते आकडे साऱ्या देशाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पण घसरणीची दिशा पुरेशी स्पष्ट आहे, आणि तिच्यामागचा इतिहास फार जुना नाही.

पेनिसिलिन आणि त्यानंतरच्या प्रतिरोधाची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. भारतीय रुग्णालयांपुरते बोलायचे तर खरी सुरुवात १९९० च्या दशकात होते. त्या काळात सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन ही तिसऱ्या पिढीची इंजेक्शने सर्रास वापरली जाऊ लागली, आणि ती निष्प्रभ करणारी विकरे आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंमध्ये पसरत गेली. त्यांपैकी पुढे जगभर आढळलेले एक विकर पहिल्यांदा ओळखले गेले, ते दिल्लीत १९९९ मध्ये मिळालेल्या नमुन्यांत. ही इंजेक्शने लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांपुढे कार्बापेनेम गटाचा आधार उरला. कल्चरचा अहवाल हाती यायला दोन-तीन दिवस लागतात आणि रक्तात जंतुसंसर्ग झालेला रुग्ण तेवढा वेळ देत नाही. त्यामुळे शेवटी वापरायचे म्हणून राखून ठेवलेले औषध पहिल्याच दिवशी सुरू करण्याची पद्धत पडली. यात एकेका डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण समोरच्या रुग्णापुरता तो निर्णय बहुधा बरोबरच असतो.

२००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये, दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला मिळाला. त्यातल्या नव्या विकराला नवी दिल्लीचे नाव देण्यात आले आणि ते एनडीएम-१ म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१० च्या ऑगस्टमध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि ब्रिटन येथील नमुन्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेसाठी भारतात येणाऱ्या परदेशी रुग्णांना त्यात दिलेला इशारा देशाच्या वैद्यकीय पर्यटनावरचा घाला मानला गेला आणि संसदेपर्यंत वाद पोहोचला. विकराला गावाचे नाव देण्याची प्रथा जुनी होती, इटलीतील व्हेरोना आणि ब्राझीलमधील साओ पाउलो यांची नावे आधीच अशी दिली गेली होती. तरी दिल्लीकरांना ते लागावे हेही समजण्यासारखे आहे. खेदाची बाब अशी, की या गदारोळाच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईतील एका रुग्णालयाने २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातले कार्बापेनेमला न जुमानणारे २४ नमुने तपासून त्यांतील २२ मध्ये हेच विकर असल्याचे भारतीय नियतकालिकात छापले होते, आणि त्याची चर्चा वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही. नंतर जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा २००६-०७ मध्येच दिल्ली, मुंबई आणि पुणे या तिन्ही शहरांत ते असल्याचे आढळले.

वादाचा एक परिणाम मात्र चांगला झाला. २०११ मध्ये केंद्राने प्रतिजैविकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात दोन सूचना होत्या आणि त्या वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात, कारण पुढे त्यांची गल्लत होत गेली. प्रतिजैविकांच्या दुकानातील विक्रीसाठी स्वतंत्र अनुसूची करावी, ही पहिली. कार्बापेनेम, टायजेसायक्लिन, डॅप्टोमायसिन यांसारख्या नव्या औषधांना रंगाची खूण करून ती केवळ वरच्या स्तराच्या रुग्णालयांनाच उपलब्ध व्हावीत, ही दुसरी. पहिलीचा रोख गल्लीतल्या औषध दुकानावर होता, दुसरीचा रुग्णालयाच्या आतल्या वापरावर.

दोन्हींना विरोध झाला, आणि तो केवळ व्यापारी हिताचा नव्हता. जिथे दहा-वीस किलोमीटरवर डॉक्टर नाही, तिथे चिठ्ठीशिवाय औषध देऊ नका म्हणणे म्हणजे न्यूमोनिया झालेल्या मुलाला औषधच नाकारणे, हा आक्षेप गंभीर होता. तालुक्याच्या गावी चार-सहा खाटांचा अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणेही रास्त होते: सेप्सिसचा (संसर्गाने शरीरच कोलमडू लागलेला) रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत मेरोपेनेम या कार्बापेनेमचा पहिला डोस गेलेला असावा लागतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईत विविध वैद्यकीय शाखांच्या संघटना एकत्र आल्या आणि निर्दोष पण कागदावरच राहणाऱ्या धोरणापेक्षा अमलात येऊ शकेल असे धोरण बरे, अशी भूमिका तिथे मांडली गेली.

यातून निघालेली तडजोड म्हणजे औषधविक्रीच्या नियमांतली एक यादी, अनुसूची एच-१. तिची अधिसूचना ऑगस्ट २०१३ मध्ये निघाली आणि ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. यादीत एकूण ४६ औषधे होती. त्यांत क्षयाची ११ आणि झोपेच्या, वेदनेच्या किंवा सवय लागणाऱ्या औषधांसारखी आणखी ११, म्हणजे उरलेली प्रतिजैविके २४. दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची, तीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. वेष्टनावर लाल चौकट आणि लाल अक्षरांतली खूणही आली. सर्वाधिक खपणारी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन यादीबाहेर राहिली. ग्रामीण भागाचा विचार करता, निदान अ‍ॅमॉक्सिसिलिनपुरते तरी, ते समर्थनीय आहे.

दुसऱ्या सूचनेचे जे झाले, त्याचे समर्थन करणे अवघड आहे. कार्बापेनेम यादीत आले खरे, पण रुग्णालयाच्या स्तराची अट गळाली. टायजेसायक्लिन आणि डॅप्टोमायसिन तर यादीतही आली नाहीत, आणि कार्बापेनेमही चालेनासे झाले की वापरायचे कोलिस्टिनही नाही. मेरोपेनेमच्या कुप्या वापरल्या जातात त्या मुख्यतः वॉर्डात. चिठ्ठी असतेच, वहीत नोंदही होते, त्यामुळे नियम पाळला जातो आणि वापर मात्र तसाच राहतो. औषध तिसऱ्या दिवशी अहवाल पाहून बदलले का, सातव्या दिवशी थांबवले का, हे विचारणारे त्या नियमात काहीच नाही. ग्रामीण रुग्णांसाठी म्हणून मान्य केलेली सवलत शहरांतील मोठ्या खासगी अतिदक्षता विभागांनाही आपोआप मिळाली. पहिल्या डोसला मुभा आणि पुढच्या डोसांना संसर्गतज्ज्ञाची सही, असा मधला मार्ग तेव्हाही सुचण्यासारखा होता.

त्याची किंमत पुढच्या काळात दिसली. कार्बापेनेम चालेना तेव्हा डॉक्टर कोलिस्टिनकडे वळले. १९५० च्या दशकात वापरात आलेले हे औषध मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात जवळपास बाजूला पडले होते. त्याला प्रतिरोध देणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडले. कोंबड्यांच्या आणि इतर पशूंच्या खाद्यातील कोलिस्टिनवर भारताने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. प्रयोगशाळेतही त्याची पंचाईत आहे. नेहमीच्या औषधी चकत्यांच्या चाचणीत त्याचा मोठा रेणू माध्यमात नीट पसरत नाही, म्हणून निष्कर्षावर विसंबता येत नाही. २०२० पासून तर अमेरिकी निकषांत कोलिस्टिनसाठी 'एस' हा शेराच ठेवलेला नाही, म्हणजे जिवाणू या औषधाला नक्की दाद देईल असे अहवाल आता सांगत नाही.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात सत्तरीतली एक स्त्री दगावली. मांडीचे हाड मोडल्याने तिच्यावर आधीच्या दोन वर्षांत भारतातील रुग्णालयांत अनेकदा उपचार झाले होते, आणि तिच्या क्लेब्सिएलावर अमेरिकेत उपलब्ध असलेल्या २६ प्रतिजैविकांपैकी एकही चालले नाही. त्यातही एनडीएम हेच विकर होते. भारताची राष्ट्रीय कृती योजना २०१७ मध्ये आली, केरळने २०१८ मध्ये स्वतःची केली. रुग्णालयांनी प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवावी, हे दोन्हींत आहे. दरम्यान उपचाराची एक वाट निघाली आहे. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम हे नवे औषध एनडीएमपुढे एकट्याने टिकत नाही, पण त्याच्या जोडीला अ‍ॅझट्रिओनाम दिले तर बऱ्याच रुग्णांत उपयोग होतो, आणि म्हणून अनेक अतिदक्षता विभागांत ही जोडी आता वापरली जाते. तिला प्रतिरोध करणारे ई. कोलायही भारतातल्या नमुन्यांत आढळू लागले आहेत.