तास रेकॉर्ड झाला, पण तो राहतो कुठे? शिक्षकांच्या मोफत स्क्रीन रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

संगणकाच्या पडद्यावर जे चालले आहे ते आवाजासह टिपून घ्यायला आज शिक्षकाला एक रुपयाही मोजावा लागत नाही. विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे ही सोय आधीपासूनच असते. तरी शिक्षकांच्या गटांमध्ये तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: रेकॉर्डिंगसाठी फुकटातले चांगले ॲप कोणते? विचारणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा रेकॉर्डिंगची नसतेच. व्हिडिओ ठेवायचा कुठे, मुलांपर्यंत पोहोचवायचा कसा आणि पुढच्या वर्षी तो जागेवर सापडेल का, ही खरी चिंता असते. या साधनांचा इतिहास पाहिला की लक्षात येते, टिपण्याचे तंत्र फार लवकर हाती आले होते. घोडे अडले ते साठवण्यापाशी आणि पोहोचवण्यापाशी. शिक्षकांना 'मोफत' म्हणून जे जे मिळाले, त्याच्या अटीही याच दोन ठिकाणी होत्या.

आपला पडदा दुसऱ्याला दाखवण्याची कल्पना संगणक घरात येण्याच्या कितीतरी आधीची. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी भर सभेत, जवळपास ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवले. त्यासाठी मायक्रोवेव्ह जोडण्या उभाराव्या लागल्या होत्या. सर्वसामान्यांना अशी सोय मिळायला पुढे पाव शतकाहून अधिक काळ गेला. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टने नेटमीटिंग फुकट दिले. त्याच सुमारास ऑफिस ९७च्या सीडीवर कॅमकॉर्डर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता, तो पडद्यावरच्या हालचाली टिपून फाईल बनवायचा. म्हणजे १९९७ सालीही एखाद्या शिक्षकाने मनात आणले असते तर आपला पाठ संगणकावर रेकॉर्ड करता आला असता. मात्र ती फाईल फ्लॉपीत मावली नसती आणि टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटने पाठवायची तर रात्र सरली असती.

इथे थोडा हिशेब मांडायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्याचे एक चित्र जसेच्या तसे साठवले तर सुमारे २.४ मेगाबाइट होते. सेकंदाला अशी दहा चित्रे घेतली तर एका मिनिटाला जवळपास १.४ गिगाबाइट. त्या काळी अख्ख्या हार्ड डिस्कसुद्धा एवढ्याच असत. पण शिकवणाऱ्याचा पडदा सिनेमासारखा सतत हलत नाही. सर बोलत असतात आणि पडद्यावर फक्त माऊसचा बाण सरकतो, किंवा गणिताची एक ओळ वाढते. जेवढे बदलले तेवढेच साठवायचे, बाकीचे आधीच्या चित्रातून घ्यायचे, या युक्तीने फाईल कित्येक पटींनी लहान होते आणि अक्षरेही फुटत नाहीत. मिशिगनमधल्या टेकस्मिथ कंपनीने पडद्यासाठी खास अशी पद्धत बनवली आणि कॅमटेशिया हे रेकॉर्डर बाजारात आणले. ते विकतचे होते.

फुकटच्या बाजूला होते कॅमस्टुडिओ हे रेकॉर्डर. त्याची कहाणी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. २००१मध्ये रेंडरसॉफ्ट कंपनीने ते सोर्स कोडसह, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरासह, खुले केले. पुढे ईहेल्प नावाच्या कंपनीने रेंडरसॉफ्ट विकत घेतली. ईहेल्पचे स्वतःचे रोबोडेमो हे विकतचे उत्पादन होते. कॅमस्टुडिओची पुढची आवृत्ती बंदिस्त झाली. मग मॅक्रोमीडियाने ईहेल्पच घेतली आणि कॅमस्टुडिओचे काम थांबले. पण आधी खुला झालेला कोड कोणाला परत घेता येत नव्हता. तोच उचलून इतरांनी ते साधन पुन्हा उभे केले. कंपनीने फुकट दिलेले साधन आणि खुला कोड असलेले साधन, दोन्हींची किंमत शून्यच दिसते. वेगळेपण कळते ते मालक बदलतो त्या दिवशी.

२००६-०७ ही दोन वर्षे शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची. यूट्यूब नुकतेच सुरू झाले होते आणि २००६पासून तिथे सामान्य खातेदाराला १० मिनिटांची मर्यादा होती. त्याच वर्षी आलेले स्क्रीनकास्ट-ओ-मॅटिक ब्राउझरमधून जावाच्या आधारे चालायचे. काही इन्स्टॉल करायची परवानगी नसलेल्या शाळेच्या संगणकावर ही फार मोठी सोय होती. फुकटात १५ मिनिटे मिळायची. २००७मध्ये टेकस्मिथने जिंग आणले: फुकट, वापरायला सोपे, मर्यादा ५ मिनिटांची. रेकॉर्डिंग थांबवले की व्हिडिओ कंपनीच्या साइटवर चढायचा आणि लिंक तयार व्हायची. शिक्षकाने ती लिंक तेवढी मुलांना द्यायची. साठवणे आणि पोहोचवणे ही दोन्ही कामे कंपनीने आपल्याकडे घेतली आणि बदल्यात वेळेची वेस घातली.

या वेशीने शिकवण्याची पद्धत बदलली, हे मी ठामपणे म्हणेन. ४० मिनिटांचा तास जसाच्या तसा ५ किंवा १० मिनिटांत बसत नाही. अपूर्णांकांची बेरीज एका व्हिडिओत, छेद समान करणे दुसऱ्यात, असे तुकडे करणे भाग पडले. 'छोटे व्हिडिओच मुलांना कळतात' असे आज प्रशिक्षणात सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण तुकडे पाडण्याची सवय लागली ती आधी सर्व्हरवरच्या जागेच्या काटकसरीमुळे.

सलमान खान (अभिनेते नव्हेत, खान अकॅडमीचे) यांचे व्हिडिओ याच चौकटीत घडले. बोस्टनमध्ये राहणारे खान २००४पासून न्यू ऑर्लिन्समधल्या नादिया या नात्यातल्या मुलीला फोनवर आणि याहूच्या चित्र काढायच्या पाटीवर गणित शिकवत होते. इतर भावंडेही येऊ लागल्यावर वेळा जुळेनात, म्हणून नोव्हेंबर २००६मध्ये त्यांनी पाठ यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली. चेहरा दिसत नाही, काळ्या पाटीवर रंगीत अक्षर उमटत जाते आणि आवाज सोबत चालतो. यातूनच खान अकॅडमी उभी राहिली.

त्याच काळात कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमधले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स, आपले तास रेकॉर्ड करू लागले. खेळांसाठी आणि इतर उपक्रमांसाठी दूर जाणाऱ्या मुलांचे तास बुडायचे, त्यांच्यासाठी ही धडपड होती. मग त्यांनी व्याख्यान घरी ऐकायला दिले आणि वर्गातला वेळ सरावाला ठेवला. या प्रयोगाची नंतर जगभर चर्चा झाली. त्यातली एक बाब मात्र कमी सांगितली जाते. ज्या मुलांकडे इंटरनेट नव्हते त्यांना ते व्हिडिओ पेन ड्राइव्हवर देत आणि संगणकही नसेल तर घरच्या टीव्हीवर लावता येईल अशी डीव्हीडी करून देत. अमेरिकेतल्या शाळेलाही पोहोचवण्याचा प्रश्न शिक्षकाच्या हातांनीच सोडवावा लागला होता.

आपल्याकडे याच प्रश्नाला सर्वांत विचारपूर्वक भिडला तो मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. आयआयटी मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी तो उभा केला, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या मदतीने. सायलॅब, लेटेक, लिनक्स, पायथन, लिबरऑफिस अशी खुली सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण १०-१० मिनिटांचे पाठ, आणि ते बनवण्याची साधनेही मोफत: लिनक्सवर रेकॉर्डमायडेस्कटॉप, आवाजासाठी ऑडॅसिटी. पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहितात, एका बाजूला पडद्यावर काय दिसणार आणि दुसऱ्या बाजूला काय बोलायचे. त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून ती तपासून घेतात. नवख्याला अडले तर चूक संहितेची, असे मानणारी ही पद्धत मला शिक्षणाबद्दल फार प्रामाणिक वाटते.

चित्र एकदाच रेकॉर्ड होते आणि आवाज मराठी, तमिळ, बंगाली, आसामी अशा भाषांत चढवला जातो. पडद्यावरचा मेनू इंग्रजीच राहतो, कारण प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्येही तो इंग्रजीच असतो, पण समजावणारा आवाज आपल्या भाषेतला. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला इंग्रजी व्याख्यान समजण्याआधी पायथन शिकता यावे, यासाठी याहून नेमकी योजना मला माहीत नाही. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतःचा सराव. पाहायचे, थांबवायचे, करून बघायचे. हे पाठ सीडीवर उतरवून घ्यायची सोय प्रकल्पाने ठेवली आणि परवानाही खुला ठेवला, त्यामुळे नेट नसलेल्या महाविद्यालयातही ते चालले. रेकॉर्डर, साठवण, वाटप आणि भाषा या चारही गोष्टींचा एकत्र विचार मला तरी दुसरीकडे क्वचितच दिसला.

बाजार मात्र उलट्या दिशेने चालला होता. २०११मध्ये क्रोमबुक आले. अमेरिकेतल्या शाळांनी ती मोठ्या संख्येने घेतली. या लॅपटॉपमध्ये स्वतःची साठवण जेमतेम, सगळे काम ब्राउझरमध्ये. ब्राउझरमधले जुने जावा एव्हाना सुरक्षेच्या कारणाने हद्दपार होऊ लागले होते. तेव्हा रेकॉर्डर क्रोम ब्राउझरचे एक्स्टेंशन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणून आले. स्क्रीनकास्टिफाय व्हिडिओ थेट गूगल ड्राइव्हमध्ये टाकायचे, २०१५मध्ये सुरू झालेली लूम तो आपल्या सर्व्हरवर ठेवायची. मुलांनी व्हिडिओतून उत्तरे द्यायचे फ्लिपग्रिड मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये घेतले आणि शाळांना पूर्ण मोफत केले. बटण दाबा, बोला, लिंक द्या, इतके ते सोपे झाले. ही खरी प्रगती होती. हजारो शिक्षक निव्वळ या सोपेपणामुळे कॅमेऱ्याच्या भीतीतून बाहेर आले.

मग मार्च २०२० उजाडला. शाळा बंद झाल्या आणि कंपन्यांनी दारे उघडली. गूगलने मीटमधले रेकॉर्डिंग सर्व शैक्षणिक खात्यांना ३० सप्टेंबर २०२०पर्यंत मोकळे केले. लूमने आपली सशुल्क आवृत्ती शिक्षकांना फुकट दिली.

महाराष्ट्रात प्रश्नाचे रूपच वेगळे होते. बहुतेक शिक्षकांकडे आणि पालकांकडे साधन होते ते मोबाइल. 'असर'च्या २०२०च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. अभ्यास पोहोचत होता तो मुख्यतः व्हॉट्सॲपवर. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजींनी आणि बाईंनी वहीच्या पानावर मोबाइल टांगून, स्क्रीन रेकॉर्डर लावून, पीडीएफवर बोटाने लिहून पाठ तयार केले. वेस इथेही होतीच: व्हॉट्सॲपवर व्हिडिओला १६ मेगाबाइट. जिंगची ५ मिनिटे आणि व्हॉट्सॲपचे १६ मेगाबाइट यांत तत्त्वतः काहीच फरक नाही, दोन्हींनी पाठाची लांबी ठरवली. रेंजसुद्धा नसलेल्या घरांसाठी जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली.

संकट सरले तशी दारे लोटली गेली. मीटचे रेकॉर्डिंग शाळांच्या मोफत योजनेतून गेले. शिक्षणसंस्थांना गूगल जी अमर्याद साठवण देत असे, तिला १०० टेराबाइटची मर्यादा लागू होणार असे फेब्रुवारी २०२१मध्ये जाहीर झाले. लूमची सर्वसाधारण मोफत योजना २५ व्हिडिओ आणि प्रत्येकी ५ मिनिटे इतकी आखडली. २०२३मध्ये ॲटलासियनने ती कंपनी सुमारे ९७.५ कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले. पूर्ण मोफत असलेले फ्लिपग्रिड आधी 'फ्लिप' झाले आणि जुलै २०२४मध्ये स्वतंत्र साधन म्हणून बंदच करण्यात आले. त्याआधी २०१८मध्ये पॉवरपॉइंटमधून पाठ रेकॉर्ड करायचे मायक्रोसॉफ्टचे ऑफिस मिक्स असेच थांबले होते. जिंगचे जुने व्हिडिओ ब्राउझरमधल्या फ्लॅश या जुन्या तंत्राच्या स्वरूपात होते आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. कोणी लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. सर्व्हरला वीज लागते, डिस्कला पैसे पडतात, आणि कंपनीने ते कायम भरावेत असा करार कधी झालाच नव्हता. पण शिक्षकाचा पाच वर्षांचा रविवारचा वेळ त्या लिंकांमध्ये असतो आणि त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात नसते. ही गोष्ट मला मनापासून खुपते.

दरम्यान टिपण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमने गिळले. मॅकवर क्विकटाइममधून २००९पासून पडदा रेकॉर्ड होतो, आयफोनवर २०१७पासून, अँड्रॉइडमध्ये ११व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२०मध्ये. विंडोज १०मध्ये विंडोज, ऑल्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबल्या की चालू प्रोग्रॅम टिपला जातो, आणि विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही आता रेकॉर्डिंग आहे. जास्त काही हवे असेल तर २०१२मध्ये ह्यू बेली यांनी सुरू केलेले ओबीएस आहे: खुले, वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओवर साधनाचा शिक्का उमटत नाही. यांत पाच-दहा मिनिटांची वेस नाही, आणि फाईल तयार होते ती शिक्षकाच्या स्वतःच्या डिस्कवर.

पोहोचवण्याच्या बाजूला महाराष्ट्राकडे एक वेगळी वाट आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून व्हिडिओ आणि कविता मुलांपर्यंत नेल्या. बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड आले आणि २०१७मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय मंचावर त्यांचे आशय उघडू लागले. दीक्षाचा पाया असलेले सनबर्ड हे सॉफ्टवेअर खुले आहे आणि ॲपमधला पाठ डाऊनलोड करून नेटशिवाय पाहता येतो. मुलाच्या दप्तरात असलेले पुस्तकच इथे लिंकचे काम करते. मागचा व्हिडिओ बदलला, सुधारला, दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, तरी छापलेला कोड तोच ठेवता येतो.